पुठ्ठ्याला खळ

घरी पार्सल आलं की माणसं आत काय आहे ते बघतात. मी खोकं बघतो. उमेदीची सगळी वर्षं क्राफ्ट कागदाच्या मिलच्या प्रयोगशाळेत गेली. पुठ्ठ्याचा कागद फोडणे, चिरडणे आणि भिजवणे या तीन कामांचा मला पगार मिळत असे. मी निवृत्त झालो, पण बोटांना अजून कोणी निरोप समारंभ केलेला नाही. सिंगापूरला, मरीन परेडमध्ये मुलाकडे येऊन राहिल्यापासून तर त्यांना रोजच काम मिळतं. इथे प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दाराबाहेर काही ना काही खोकं येऊन पडलेलं असतं. कुणाचे डायपर, कुणाचा पंखा, कुणाचा तांदूळ. लिफ्टची वाट बघता बघता मी त्याचा कोपरा अंगठ्यानं हळूच दाबतो, कड चिमटीत धरून बघतो. सूनबाई शिकलेली आणि शांत आहे. ती फक्त एवढंच म्हणते, "बाबा, दुसऱ्यांच्या खोक्यांना हात लावू नका हो, इथे सगळीकडे कॅमेरे असतात."

पण खोकं दाबल्याशिवाय कळणार कसं? आमच्या धंद्यात कागदाची किंमत दोन आकड्यांत सांगतात. "एकशे वीस जीएसएम, अठरा बीएफ." पहिला आकडा वजनाचा, म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम. दुसरा बर्स्ट फॅक्टरचा, म्हणजे तितक्या वजनाच्या मानानं कागद फुटायला किती दाब लागतो त्याचा. तो मोजायचं यंत्र जॉन मुलन नावाच्या अमेरिकन माणसानं १८८७ साली बनवलं आणि आजही ते तसंच चालतं. कागद घट्ट पकडायचा, खालून रबराचा पडदा फुगवत न्यायचा, आणि कागद 'फट्' म्हणाला की काटा वाचायचा. आमची अब्रू दिवसभर त्या 'फट्'वर टांगलेली असे. कागद लवकर फुटला की आधी मॅनेजर फुटायचे, मग सुपरवायझर, आणि शेवटी फुटायला प्रयोगशाळेतला माणूस उरायचा.

या खोक्याच्या ताकदीत पिठाचाही हात असतो, हे नातीला सांगून पटत नव्हतं. म्हणून मी औषधांच्या कपाटातून बेटाडीनची बाटली काढली. जुन्या खोक्याचा वरचा कागद सोलला, आतल्या नागमोडी थराच्या खुणा उघड्या केल्या आणि त्यावर बोळा फिरवला. तपकिरी औषध पडलं आणि क्षणात एकाशेजारी एक काळ्यानिळ्या रेघा उमटल्या. नात म्हणाली, "आजोबा, बॉक्सला लागलंय?" मी म्हटलं, "लागलं नाही गं, त्यानं खाल्लंय. पीठ खाल्लंय." बेटाडीनमधलं आयोडीन लागलं की स्टार्च निळा पडतो, हे शाळेत बटाट्यावर शिकवतात. नागमोडी थराचा प्रत्येक उंचवटा जिथे सपाट कागदाला चिकटवलेला असतो तिथे स्टार्चचा चीक असतो, म्हणून त्या रेघा. आणि रेघांच्या मधली जागाही अगदी तपकिरी राहत नाही, तिच्यावर निळसर झाक येते. कारण कागद स्वतःही पीठ पिऊन आलेला असतो.

हे पीठ कशासाठी, तर म्हातारपणासाठी.

खोक्याचा कागद झाडापासून पहिल्यांदा बनतो तेव्हा त्याला कुणाची मदत लागत नाही. पाइनसारख्या झाडांचे लांब तंतू पाण्यात फुगतात, मऊ होतात, एकमेकांवर पसरतात आणि वाळताना असे बिलगतात की सोडवता येत नाहीत. दोन तंतूंमध्ये गोंद नसतो, असतात ते हायड्रोजन बंध. एकेक बंध अगदी क्षीण, पण संख्येनं अगणित. मग त्या कागदाचं खोकं होतं, खोकं रद्दीत जातं, रद्दीची गाठ बांधून मिलमध्ये येते, पल्परमध्ये पुन्हा लगदा होतो आणि पुन्हा कागद. भारतातला खोक्याचा कागद बहुतेक सगळा असाच रद्दीतून येतो. म्हणून आमच्याकडे रद्दीलाही कूळ असतं. 'अमेरिकन' गाठ म्हणजे लांब तंतूंची, फार जन्म न झालेली. 'लोकल' म्हणजे अनेक फेऱ्या मारून आलेली. अमेरिकन गाठ उघडताना कामगारही जरा अदबीनं उघडत. लोकल गाठीतून काय निघेल याचा नेम नसे. पिना, प्लास्टिक, चपलेचा पट्टा, आणि एकदा तर कुणाची तरी दहावीची गुणपत्रिका. ती आम्ही वाळवून भिंतीवर लावली होती. गुण बरे होते.

या फेऱ्यांमध्ये तंतूचं नेमकं काय बिघडतं? लोकांना वाटतं, तो तुटतो. थोडा तुटतोही. पण खरी खोड निराळी आहे. प्रत्येक वेळी तापलेल्या सिलिंडरवर वाळताना तंतूच्या अंगातली सूक्ष्म छिद्रं मिटत जातात, आणि पुढच्या खेपेला पाण्यात टाकला तरी त्यातली बरीचशी पुन्हा उघडत नाहीत. तो पहिल्यासारखा फुगत नाही, वाकत नाही, शेजाऱ्यावर पसरत नाही. एकटा ओढून पाहिला तर चांगला टणक असतो. म्हणजे ताकद बरीचशी शाबूत असते, जाते ती बिलगण्याची तयारी. हे कळलं तेव्हा मी तिशीत होतो आणि ती माहिती वहीत लिहून ठेवली होती. आता तिचा अर्थ कळतो. व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी आम्ही चार-पाच आजोबा बसतो. प्रत्येकाची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं आटोक्यात. प्रत्येक जण आपापल्या जागी टणक. एकमेकांशी बोलायला मात्र दोन-दोन आठवडे लागतात.

तंतूंना वठणीवर आणायचा जुना उपाय म्हणजे कुटणं. रिफायनरच्या दोन दातेरी चकत्यांमधून लगदा रगडून काढायचा, म्हणजे तंतूंची सालं निघतात, कुसळं सुटतात आणि ते पुन्हा एकमेकांत अडकू लागतात. नव्या तंतूंना हे मानवतं. जुन्यांना फार रगडलं की ते आखूड होतात, त्यांचा भुगा होतो, आणि भुगा झाला की जाळीतून पाणी निथळत नाही, मशीन मंद चालतं, वाफ जास्त लागते. म्हाताऱ्यांना सकाळी उठवून दहा हजार पावलं चालायला लावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी. काही प्रमाणात गुण येतो. त्यापुढे माणूस फक्त आखूड होतो.

म्हणून खळ. आमच्या हिच्या सुती साड्यांना आठवड्याला जी खळ पडायची तीच ही. मका, साबूकंद किंवा गहू यांचा स्टार्च शिजवायचा आणि कागदाला पाजायचा. मात्र यात एक अडचण आहे. साडी बादलीत बुडवता येते, पण कागद बनत असताना तो नव्याण्णव टक्के पाणीच असतो. त्यात साधी खळ ओतली तर ती तंतूंकडे ढुंकूनही न बघता पाण्याबरोबर जाळीखाली निघून जाते. कारण पाण्यातले तंतू ऋणभारित असतात आणि साधा स्टार्च उदासीन. तो कुणाचाच नसतो. मग रसायनतज्ज्ञांनी त्याला थोडा धनभार चिकटवला आणि कॅटायॉनिक स्टार्च तयार झाला. आता तो पाण्यात पडल्या पडल्या तंतूला जाऊन चिकटतो, दोन तंतूंच्या मध्ये बसतो आणि जिथे ते नुसते शेजारी पडले असते तिथे त्यांना जोडून देतो. टनभर कागदाला असा स्टार्च पाच-दहा किलो, फार तर थोडा जास्त लागतो. पुढे कागद अर्धामुर्धा वाळला की साइझ प्रेसच्या दोन रुळांमधून जाताना वरून साधी खळ पितो, तीस-चाळीस किलो आणि कधी त्याहूनही जास्त. तिथे पाण्याबरोबर वाहून जायची भीती नसते, म्हणून धनभाराची चैन करावी लागत नाही.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मिलचं पाणी म्हणजे गावाचं राजकारण. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं जातं, त्यात जुने डिंक, शाई, चिकटपट्ट्यांचा चिकटा आणि विरघळलेला जुना स्टार्च साठत जातो. हा कचराही ऋणभारित. नवीन खळ आली की तंतूपर्यंत पोहोचण्याआधीच हा तिला गाठतो आणि आपल्या बाजूला वळवून घेतो. म्हणून आधी पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडसारखं काहीतरी टाकून या मंडळींचं तोंड बंद करावं लागतं आणि मग मूळ काम. त्यात कुणी उत्साही निघाला आणि त्यानं "आणखी घाला, आणखी घाला" केलं, तर तंतूंवरचा भारच उलटतो. सगळेच धन होतात, एकमेकांना ढकलतात आणि लगदा पूर्वीहून वाईट वागतो. अति मायेनं घर बिघडतं, असं आमचे एक जुने फोरमन म्हणत. ते स्वतः अविवाहित होते.

खळीच्या पुढची औषधंही आहेत. पॉलिअॅक्रिलामाइड नावाचं लांबलचक साखळीचं रसायन, त्यावर ग्लायऑक्झलची प्रक्रिया केलेलं आणखी चिवट रूप. कोळंबीच्या सालांपासून काढलेलं कायटोसानही कागद मजबूत करतं. निसर्गानं त्याला धनभार जोडण्याची सोयच करून ठेवलेली आहे, पण ते महाग पडतं. इथे जवळच्या कातोंगमध्ये लक्सा खाताना कोळंबीची सालं ताटलीच्या कडेला साठतात, तेव्हा माझ्या मनात टनांचे हिशेब सुरू होतात आणि मुलगा विषय बदलतो. पण या सगळ्यांत मला कुतूहल वाटत आलं ते ओलं-बळ देणाऱ्या रेझिनचं. १९६० च्या सुमारास अमेरिकेत हर्क्युलिस कंपनीतल्या जेराल्ड काइमनं ते शोधलं. ते घातलेला कागद भिजला तरी लगदा होत नाही. हात पुसायचे कागदी रुमाल नळाखाली विरत नाहीत ते त्याच्यामुळे. गंमत अशी, की जो कागद पाण्यात विरघळायला नकार देतो त्याचा पुढचा जन्म अवघड होतो. पल्परमध्ये तो तुकड्यातुकड्यांनी फिरत राहतो आणि शेवटी बाहेर फेकला जातो. कायम ताठ राहायचं आणि पुन्हा नव्यानं उपयोगी पडायचं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदाला साधत नाहीत. खोक्यावाल्यांनी म्हणूनच स्टार्च पसंत केला. तो राहीपर्यंत धरतो आणि पाणी म्हणालं तर सोडतो.

कागदाला खळ देण्यात नवं काहीच नाही, हे मला उशिरा उमगलं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं चिंध्या, जुने दोर आणि गोणपाटं कुजवून, कुटून कागद होत असे. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी हलवली तेव्हापासूनची ही परंपरा असं तिथे सांगतात. जुन्नरचा कागद तर पेशव्यांच्या दप्तरांत पोहोचला. या सगळ्यांची रीत एकच. ताव वाळला की त्याला पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. म्हणजे शाई फुटत नाही आणि कागद हाताळला तरी टिकतो. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेतही सुती चिंध्यांचा कागद होतो. मोडीतली एखादी सनद तीनशे वर्षांनी वाचता येते, तिच्यात लेखकाच्या वळणाइतकाच खळ घालणाऱ्याचाही वाटा आहे. उलट युरोपात मोरिट्झ इलिग नावाच्या जर्मन माणसानं १८०७ साली राळ आणि तुरटीची युक्ती प्रसिद्ध केली. स्वस्त आणि मस्त. पण तुरटीनं कागद आम्लधर्मी झाला आणि त्या काळापासूनची लाखो पुस्तकं ग्रंथालयांत पिवळी पडून कोपऱ्यांनी तुटू लागली. राळ-तुरटीनं शाई अडवली, पण आयुष्य कापलं. खळ त्या मानानं गरीब, निरुपद्रवी.

खळीची एकच दुखरी नस, पाणी. आणि सिंगापूर म्हणजे पाण्यातच राहणं. हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो, पावसात नव्वदीला जातो. पन्नास टक्के ओलाव्यात जे खोकं डोक्यावर ठरावीक वजन पेलतं ते नव्वद टक्क्यांत जेमतेम त्याच्या निम्मं पेलतं. वजन एकदम टाकलं तर निदान कळतं तरी. गोदामात हळूहळू, रात्री-बेरात्री, खालचं खोकं एकेक मिलिमीटर बसत जातं आणि एके दिवशी थर कलतो. एप्रिल-मे महिन्यांत आपला हापूस पेट्यांतून इथे लिटल इंडियात येतो. हवा खेळावी म्हणून त्या पेट्यांना भोकं पाडलेली असतात, आणि जितकी भोकं तितकी पेटी कमजोर. मुलगा पेटी घेऊन येतो, घरातले आंबे हुंगतात. मी खालच्या कोपऱ्याच्या पोटावरची सुरकुती बघतो आणि ती कितव्या थरात होती ते सांगतो. आंब्याविषयी मला कुणी विचारत नाही. पेटीविषयी मी विचारल्याशिवाय सांगतो.

या इमारतींखाली पुठ्ठ्याची आणखी एक दुनिया आहे. भोंगा वाजवत येणारे करुंग गुनी, म्हणजे इथले रद्दीवाले, आणि त्यांच्याही अलीकडे ढकलगाडीवर पुठ्ठ्यांची चवड रचून जाणारे वयस्क स्त्री-पुरुष. २०१५ साली इथल्याच मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार आणि सामाजिक व कुटुंब विकासमंत्री तान च्वान-जिन यांनी अशा मंडळींशी बोलून लिहिलं, की सगळेच काही पोटासाठी हे करत नाहीत, काहींना तो व्यायाम वाटतो, घरात बसण्यापेक्षा बरं वाटतं. त्यावर मोठा गहजब झाला. किलोला दहा सेंटच्या आसपास भाव मिळत असताना व्यायाम कसला, असं लोकांनी विचारलं, आणि ते रास्तच होतं. मी ज्या आजीबाईंना रोज बघतो त्यांना मी काहीच विचारलेलं नाही. मला येतं तेवढं इंग्रजी त्यांना येत नाही आणि त्यांची होक्कियन मला. पण त्या खोकं ज्या पद्धतीनं मोडतात ते पाहण्यासारखं असतं. टाच नेमकी घडीवर, एका दणक्यात सपाट. एकदा मी आमच्या घरची खोकी मोडून, चिकटपट्ट्या सोलून, पिना काढून त्यांना दिली. त्यांनी चिकटपट्टी नसलेली कड बोटानं चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. एवढी दाद मला मिलच्या ऑडिटरनंही कधी दिली नव्हती. इथल्या निळ्या कचराकुंड्यांत टाकलेल्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास माल खरकट्यानं किंवा भलत्याच वस्तूंमुळे पुनर्वापराच्या कामाचा राहत नाही, असं सरकार सांगतं. पिझ्झ्याच्या तेलात भिजलेल्या पुठ्ठ्याला कुठल्याच स्टार्चची माया लागत नाही.

आणि हा सगळा संसार उभा आहे तो कशावर? मरीन परेड जिथे आहे तिथे पूर्वी समुद्र होता. १९६६ पासून बेडोक-सिगलापकडच्या टेकड्या कापून ती माती सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्याला आणली आणि पुढच्या वीसेक वर्षांत सात टप्प्यांत पंधराशे हेक्टरवर जमीन समुद्रातून वर काढली. त्या जमिनीवर १९७० च्या दशकात या गगनचुंबी चाळी आल्या. म्हणजे आमच्या पायाखालची मातीही दुसऱ्या जन्मातली. डोंगर म्हणून निवृत्त झाली आणि वस्ती म्हणून पुन्हा कामाला लागली. कुणाला ती मातीचा सुटा ढिगारा म्हणून आठवत असेल, पण आता ती मेट्रो सांभाळते आहे. २०२४ मध्ये मरीन परेडचं स्थानक तिच्या पोटात सुरू झालं.

सांगायचं ते इतकंच, की पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तूंबद्दल आपण फार चुकीची काळजी करतो. तंतू अजून मजबूत आहे का, म्हातारा अजून तंदुरुस्त आहे का, हेच तपासत बसतो. प्रयोगशाळेत आम्ही एकट्या तंतूची ताकद क्वचितच मोजत होतो. मोजायचो ते कागद, म्हणजे तंतू किती एकत्र राहतात ते. आणि तिथे कमी पडलं तर तंतूला नव्हे, मधल्या जागेला औषध द्यायचो. संध्याकाळच्या आमच्या बाकावर ते औषध कोण घालणार, हा प्रश्न होता. गेल्या महिन्यात तमिळ आजोबांनी डब्यातून सुंडल आणली, चिनी आजोबांनी संत्री, मी चिवडा. भाषा अजूनही अडते, पण डबा पुढे सरकवायला भाषा लागत नाही.

हा सिद्धांत मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहानं हिला ऐकवला. माणसांनाही खळ लागते, स्नेहाची खळ, वगैरे. हिनं सगळं ऐकून घेतलं. भाजी वाढता वाढता म्हणाली, "अहो, ते ठीक आहे. पण खळ जास्त झाली की साडी घडीवर चिरते. उद्या बाकावर जाल तेव्हा थोडं कमी बोला."

तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर होतं. स्टार्च वाढला की कागदाची घडी सोसण्याची ताकद कमी होते.